दोन वर्षांसाठी

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, मगरिबची नमाज आटोपून आम्ही चहाला बसलो होतो, तेव्हा जुबैलहून फोन आला. आवाज ओळखीचा, जुन्या कंपनीतल्या केरळच्या सहकाऱ्याचा. तो आता दुसऱ्या एका कंपनीत वरच्या जागेवर आहे. तिथं इलेक्ट्रिकल सुपरवायझरची जागा रिकामी होती. पगार ६,५०० रियाल, खोली कंपनीची, करार दोन वर्षांचा. "महिनाअखेरपर्यंत कळवा," म्हणाला, अम्मींची आणि मुलांची खुशाली विचारली आणि फोन ठेवला. चहा कपातच निवला.

आम्ही म्हणजे मियाँ-बीवी. एकजण नांदेडच्या एका उर्दू शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, दुसऱ्याचं देगलूर नाक्याजवळ मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. लिहिण्याचं काम अर्थातच शिक्षिकेकडे आलं. पण सुपरवायझरसाहेबांनी वाचून, दोन ठिकाणी खोडून, मग पाठवू दिलं, म्हणून हा लेख 'आम्ही' असा आहे.

पहिल्या वेळी असा प्रश्नच पडला नव्हता. २००७ साल होतं. लातूरच्या शासकीय तंत्रनिकेतनातली पदविका हातात होती, लग्नाला वर्ष झालं होतं, आणि मोहल्ल्यातली चार पोरं आधीच रियाध-दम्मामला होती. मुंबईच्या एका एजंटाला सत्तर हजार रुपये दिले, त्यातले निम्मे मोठ्या बाजींचे दागिने गहाण ठेवून आणलेले. पावती मागायची असते हेसुद्धा माहीत नव्हतं. हैदराबादचं विमानतळ तेव्हा बेगमपेटला होतं. नांदेडहून रात्रीच्या गाडीनं सिकंदराबाद आणि तिथून रिक्षानं विमानतळ. अम्मी-अब्बांना सांगितलं होतं, दोन वर्षांसाठी जातोय. त्या दोन वर्षांची चौदा झाली.

ती सगळी वर्षं वाईट होती असं आम्ही म्हणणार नाही. २०११ मध्ये आम्ही सगळे जुबैलला एकत्र आलो, मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. मुलगा तिथंच झाला. दोन खोल्यांचं घर, वीज जायची नाही. जुम्याला समुद्रकिनारी जेवण घेऊन जायचं, रजा जुळली की रात्रभराचा प्रवास करून उमरा करून यायचं. घरी दर महिन्याला पैसे जायचे. बाजींचे दागिने सुटले, धाकट्या नणंदेचं लग्न झालं, नांदेडच्या घरावर स्लॅब पडला. आजही त्या घराची आठवण निघाली की आमच्या दोघांचाही आवाज हळू होतो.

मग १ जुलै २०१७ आला. सौदी सरकारनं बाहेरच्या कामगारांच्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिन्याला १०० रियाल फी सुरू केली. सगळे हिंदुस्तानी तिला फॅमिली टॅक्सच म्हणत. इकामा नूतनीकरणाच्या वेळी वर्षभराची रक्कम आगाऊ भरायची. पुढच्या वर्षी २००, मग ३००, आणि २०२० पासून ४०० रियाल, असं आधीच जाहीर झालं होतं. आमच्या घरात बीवी आणि दोन मुलं मिळून तिघं. पहिल्या वर्षी ३,६०० रियाल भरले. चौथ्या वर्षी ते १४,४०० होणार, हे कागदावर मांडल्यावर रात्रभर झोप लागली नाही. आमच्या इमारतीतली आठपैकी पाच कुटुंबं त्या एका वर्षात गेली. खाली कचऱ्याच्या डब्याशेजारी लोकांचे सोफे, पाळणे, वॉशिंग मशीन ठेवलेले असायचे, ज्याला हवं त्यानं न्यावं.

जून २०१८ मध्ये, शाळा उघडायच्या आत, शिक्षिका दोन मुलांना घेऊन नांदेडला परतली. तिथं कळलं की परत येणं हेही एक स्थलांतरच असतं. मुलगा पाच वर्षांचा, त्याला मराठीचा एक शब्द येत नव्हता. मराठी शिकवणाऱ्या बाईचा मुलगा वाण्याच्या दुकानात हातवारे करून साखर मागायचा. मुलगी दहा वर्षांची. ती सहा महिने विचारत राहिली, आपण घरी कधी जायचं.

आणखी एक गोष्ट परत आल्यावरच दिसली. २०११ साली शाळेचा राजीनामा दिला तेव्हा ती शाळा विनाअनुदानित होती. हातात येणारा पगार सांगायची लाज वाटावी इतका, म्हणून सोडताना वाईट वाटलं नाही. पुढे २०१६ मध्ये अशा शाळांना २० टक्के अनुदान सुरू झालं, मग टप्प्याटप्प्यानं वाढत गेलं. ज्या मैत्रिणी थांबल्या त्या आज वेतनश्रेणीत आहेत. आम्ही परत आलो तेव्हा त्याच शाळेत विनाअनुदानित तुकडीवर मानधनाची जागा मिळाली आणि आजही तीच आहे. रियालचा हिशेब करताना हा खर्च आम्ही कुठंच धरला नव्हता. तो कुणी धरतही नाही, कारण तो बीवीच्या खात्यातून जातो.

२०२० बद्दल थोडंच लिहितो. मार्चमध्ये विमानं बंद झाली. मे महिन्यात वंदे भारतची विमानं सुरू झाली तेव्हा गरोदर बायका, आजारी माणसं, नोकरी गेलेले लोक आधी होते, आणि ते बरोबरच होतं. जुलैमध्ये अब्बांना ताप आला. नवव्या दिवशी ते गेले. जनाजा नांदेडला, घरची मोजकी माणसं, आणि मुलगा जुबैलच्या खोलीत मोबाईल धरून बसलेला. कब्रस्तानात नेट चालेना, चित्र अडकून राहिलं. शेवटचं दिसलेलं चित्र म्हणजे एका माणसाच्या हातातलं फावडं. यात कुणाची चूक नव्हती. कंपनीनं रजा नाकारली नव्हती. पण मिट्टी देता आली नाही ते आलीच नाही.

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये नोकरी सोडली. सौदी कायद्यानं पहिल्या पाच वर्षांचे अर्ध्या-अर्ध्या महिन्याचे आणि पुढच्या प्रत्येक वर्षाचा पूर्ण महिन्याचा पगार मिळतो. दहा वर्षांवर नोकरी झाली असेल तर राजीनामा देऊनही तो पूर्ण मिळतो. चौदा वर्षांचे साडेअकरा महिने झाले, रुपयांत दहा लाखांच्या थोडं वर. त्यातून दुकान उभं राहिलं, अम्मींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि थोडं बाजूला राहिलं.

परत येऊन आठवडा झाला होता. मुलगा आठ वर्षांचा. रात्री तो दादीच्या कुशीत शिरून हळूच विचारत होता, "अब्बू का टिकट कब का है?" त्याच्या हिशेबात बाप पाहुणा होता, आणि पाहुण्याचं परतीचं तिकीट असतंच. जून २०१८ पासूनच्या चाळीस महिन्यांत त्यानं बापाला पंचेचाळीस दिवस पाहिलं होतं.

एवढं सगळं मागं असताना जुबैलच्या फोनवर आम्ही विचार तरी का केला, असं कुणी विचारेल. कारण सरळ आहे. मुलगी आता बारावीला आहे, लातूरला मामूंकडे राहून नीटची तयारी करते. यंदाच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जी अतिवृष्टी झाली तिनं शेतकऱ्याचं सोयाबीन गेलं आणि त्याच्याबरोबर आमची उधारी. पाण्यात बुडालेल्या मोटरी दुकानात रांगेनं पडल्या आहेत, भरून दिल्या तरी पैसे कधी मागायचे हे आम्हालाच कळत नाही. ज्याचं शेत खरवडून गेलं त्याला स्टार्टरचं बिल दाखवायचं कसं? सौर पंपांच्या जोडणीचं काम अधूनमधून मिळतं, त्यावर दुकान चालतं. चांगल्या महिन्यात पस्तीस हजार सुटतात.

आम्ही वही काढली. रियाल साधारण तेवीस रुपये धरला. ६,५०० रियालचे दीड लाख होतात. तिथलं खाणं, फोन, किरकोळ खर्च वजा करून सव्वा लाख घरी येऊ शकतात. दोन वर्षांत तीस लाखांच्या जवळपास. त्यातून दुकानाचं बुडणारं उत्पन्न, विमानाची भाडी, अम्मींच्या औषधपाण्याला लागणारा माणूस असं काढलं तरी वीस लाख जास्तीचे उरतात. सगळ्यांनी मिळून जायचं म्हटलं तर तिघांची फी वर्षाला १४,४०० रियाल, म्हणजे सव्वातीन लाखांवर. आणि अम्मी चौऱ्याहत्तरच्या, त्या नांदेड सोडणार नाहीत. म्हणजे जायचं तर एकट्यानंच. नव्या कंपनीत नोकरीची वर्षं पुन्हा शून्यापासून मोजली जाणार, करार संपल्यावर दोन वर्षांचा हिशेब म्हणजे जेमतेम एका महिन्याचा पगार. तरी वीस लाख म्हणजे वीस लाख. ज्यांना ते थोडे वाटतात त्यांच्यासाठी हा लेख नाही.

काही गोष्टी आता पूर्वीपेक्षा सोप्या झाल्यात, हेही खरं. मार्च २०२१ पासून तिथल्या खासगी कंपन्यांतल्या बहुतेक कामगारांना घरी येण्यासाठी कफीलची परवानगी लागत नाही, एक्झिट री-एन्ट्री स्वतःच काढता येते. एक वर्ष झालं की नोकरीही बदलता येते. डिसेंबर २०२२ पासून सौदी अरबस्तान अपोस्टिलच्या करारात आल्यामुळे प्रमाणपत्रं घेऊन वकिलातीच्या शिक्क्यामागं धावायचं कारण उरलं नाही. मागच्या वेळी यातलं काहीच नव्हतं.

मग मशवरा सुरू झाला. आमच्या गल्लीतले एक चाचा १९९० मध्ये कुवेतला होते. सद्दामचं सैन्य घुसलं तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी इराकमार्गे जॉर्डनच्या अम्मानला पोहोचले आणि तिथून एअर इंडियाच्या विमानानं मुंबईला आले. त्या दोन महिन्यांत एक लाख सत्तर हजारांच्या आसपास हिंदुस्तानी असे परत आणले गेले. मुंबईत उतरल्यावर चाचांनी कान पकडला होता, पुन्हा नाव काढणार नाही. दीड वर्षानं ते पुन्हा कुवेतला गेले. "फक्त बुडालेलं भरून काढायला गेलो होतो, दोन वर्षांसाठी," ते हसत म्हणाले, "सतरा वर्षं लागली." आम्ही विचारलं, पस्तावा होतो का? त्यांनी मान हलवली. तीन मुलींची लग्नं त्यातूनच झाली. मग थोडं थांबून म्हणाले की तिघींपैकी एकीच्याही लहानपणाचं त्यांना काही आठवत नाही, फोटो बघूनच सांगता येतं.

मशिदीचे इमामसाहेब भेटले. इस्तिखारा करतो आहोत, अजून स्वप्न काही पडलं नाही, असं सांगितल्यावर ते हसले. स्वप्नाची वाट कशाला बघता, म्हणाले. आधी घरच्यांशी आणि जाणत्यांशी बोला, मग दोन रकात पढा, दुआ मागा, आणि ज्या बाजूला मन आणि परिस्थिती वळेल तिकडे पाऊल टाका. आम्ही घरच्यांशी अजून पुरतं बोललोच नव्हतो.

अम्मींना विचारलं. त्या लसूण सोलत होत्या. "मेरे कू क्या पूछते? तुम्हारे अब्बा कू बी ऐसेच पूछे थे. उनो हाँ बोले थे. बाद में रोज दरवाजा देखते थे." एवढंच बोलून त्यांनी लसणाची वाटी आमच्याकडे सरकवली.

रविवारी एसटीनं लातूरला गेलो. लोहा, अहमदपूर, चाकूर, साडेतीन तासांचा रस्ता. दोन्ही बाजूंना पिवळी पडलेली रानं. जाताना ठरवलं होतं की मुलीला फक्त सांगायचं, विचारायचं नाही. तिच्या डोक्यावर आधीच परीक्षेचं ओझं. मामूंच्या घरी जेवणं झाल्यावर गच्चीवर बसलो आणि सांगून टाकलं. तुझ्या शिक्षणासाठी बघतोय, सरकारी कॉलेजात नंबर नाहीच लागला तर हाताशी काहीतरी असावं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अब्बू, तुम्हाला जायचं असेल तर जा. पण माझ्यासाठी जातो असं मला सांगू नका. माझा नंबर नाही लागला तर ती दोन वर्षं मी तुम्हाला कुठून परत देऊ?"

मामूंनी विषय बदलला. परतीच्या बसमध्ये अहमदपूरपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही.

मुलाला सगळ्यांत शेवटी विचारलं. तो आता बाराचा, सातवीत. त्यानं खांदे उडवले, "जाव ना." शाळेतून आला की तो आता दुकानात जातो, मल्टिमीटर धरतो, वाइंडिंगचे फेरे मोजतो. दुसऱ्या दिवशी तो दुकानात गेला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. विचारलं तर अभ्यास आहे म्हणाला. सवय मोडून ठेवत होता, आधीपासूनच. जाणाऱ्या माणसाची तयारी कशी करायची हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

२८ तारखेला रात्री आम्ही जुबैलला नाही कळवलं.

हे लिहिताना फुशारकी वाटू नये. वीस लाख सोडून देणं आम्हाला परवडतं असं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पोटात खड्डा पडला होता, आणि अजूनही महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर तो पडतो. नातेवाइकांपैकी दोघांनी तोंडावर वेडे म्हटलं. आमच्यावर कर्ज असतं, दुकान नसतं, अम्मींजवळ दुसरं कुणी असतं, तर उत्तर वेगळं आलं असतं आणि तेही चूक नसतं. ज्यांच्या घरात चूल रियालवरच पेटते त्यांना आम्ही काय सांगणार? आमच्या बाबतीत एवढंच झालं की या वेळी दोन वर्षं म्हणजे किती असतात ते आम्हाला माहीत होतं.

नाही म्हटल्यावर कामं निघाली. वरचा मजला भाड्यानं दिला. दुकानात नवी मोटर उधारीवर देणं बंद केलं, दुरुस्तीची उधारी मात्र यंदा चालू ठेवली. मुलीला पुढच्या रविवारी जाऊन स्पष्ट सांगितलं की नांदेडच्या किंवा लातूरच्या, कुठल्याही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात नंबर लागला तर उत्तम, खासगीची फी आपल्याला झेपणार नाही, मग दुसरा अभ्यासक्रम बघू. तिनं शांतपणे मान डोलावली. तिला हे आधीच ठाऊक होतं, आम्हीच सांगायला घाबरत होतो.

यातच एक गोष्ट अशी झाली की तिच्यावर हसावं की काय ते कळेना. दुकानात हाताखाली काम करणारा तेवीस वर्षांचा पोरगा डिसेंबरमध्ये येऊन म्हणाला, "उस्ताद, मी जातो. दम्मामला वायरमनची जागा आहे." दहावी नापास, वडील हमाली करायचे, आता दम्यानं घरी बसलेले. त्याला थांब म्हणायचा हक्क आम्हाला नव्हता. पण २००७ साली आम्हाला जे कुणी सांगितलं नव्हतं ते सगळं त्याला सांगायचा हक्क होता, आणि तो आम्ही पुरेपूर बजावला.

एजंटचा परवाना क्रमांक केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बसून तपासला. पहिला एजंट तिथं सापडलाच नाही, त्याला सोडलं. दुसरा सापडला. एजंटाला कायद्यानं तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. यानं आधी नव्वद हजार सांगितले होते, पोर्टलची आणि पावतीची भाषा सुरू झाल्यावर आकडा झपाट्यानं खाली आला. पोरगा दहावी पास नसल्यानं त्याच्या पासपोर्टवर ईसीआर आहे, म्हणजे सौदीला कामासाठी जायला सरकारची परवानगी लागते. लोक हिला कटकट समजतात आणि भेटीच्या व्हिसावर निघून जातात. तिथं काही झालं तर मग त्यांच्या बाजूनं कागदच नसतो. ही परवानगी घेताना प्रवासी भारतीय विमा योजनेचा विमाही काढावा लागतो, दोन वर्षांसाठी पावणेतीनशे रुपयांच्या आसपास, अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर दहा लाखांचं संरक्षण. करार हातात आल्यावर आमच्या घरातल्या शिक्षिकेनं तो ओळीनं ओळ वाचून त्याला उर्दूत समजावून सांगितला. पगार किती, ओव्हरटाइम कसा, रजा किती दिवसांनी, परतीचं तिकीट कुणाचं. एका ठिकाणी कामाचं नाव 'मदतनीस' असं होतं, ते दुरुस्त करून आणायला परत पाठवलं. दोन आठवडे लागले, पण 'इलेक्ट्रिशियन' लिहून आलं. सगळ्याच्या दोन प्रती काढल्या, एक त्याच्या आईजवळ, एक आमच्या कपाटात.

गेल्या आठवड्यात पहाटेच्या गाडीला त्याला सोडायला आम्ही स्टेशनवर गेलो. थंडी होती. मुलगाही हट्टानं आला होता, त्यानं जाणाऱ्याला आपला जुना टेस्टर दिला, आणि विमानात हातातल्या बॅगेत नको, मोठ्या बॅगेत टाक, असं चारदा बजावलं. गाडी गेल्यावर पोराची आई बाकड्यावर बसून राहिली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, तिथं आणि इथं वेळेचा फरक किती? आम्ही सांगितलं, तिथलं घड्याळ अडीच तास मागं. म्हणजे तुमची इशा होऊन जेवणं उरकली की तो कामावरून खोलीवर आलेला असेल, तेव्हा फोन लावा. तिनं ते दोनदा म्हणवून घेतलं, मग पदराच्या टोकाला गाठ मारली.